प्रकल्पासाठी स्यूडोजीन निवडताना: पीटेनपी१ की सीवायपी२१ए१पी?

शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि प्रकल्प स्यूडोजीनवरच, म्हणजे मूळ जनुकाच्या बिघडलेल्या नकलेवरच, करायचा ठरवला असेल, तर पीटेनपी१ आणि सीवायपी२१ए१पी या दोन नावांपाशी तुम्ही येणारच. कामाचं प्रथिन दोन्हीही बनवत नाहीत. पण पहिलं जनुकांच्या नियमनात लक्ष घालतं आणि दुसरं आजाराला कारण ठरतं. माझा कौल दुसऱ्याला आहे.

पीटेनपी१ मोहात पाडतं, हे खरं. पीटेन हे कर्करोगाला आवर घालणारं जनुक १० व्या गुणसूत्रावर असतं, तर त्याची ही इंट्रॉन (आरएनए तयार होताना कापून टाकले जाणारे मधले तुकडे) नसलेली नक्कल ९ व्यावर. पीटेनच्या आरएनएला दाबणारे मायक्रोआरएनए (अगदी छोटे आरएनए रेणू) ही नक्कल स्वतःकडे ओढून घेते आणि त्यामुळे पीटेनची पातळी वाढते, असं २०१० मध्ये 'नेचर'मधल्या शोधनिबंधात प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवर दाखवलं गेलं. पण आक्षेपही तगडा आहे. त्याच मायक्रोआरएनएला बसायच्या जागा पेशीतल्या इतर असंख्य आरएनएवरही असतात, मग एका स्यूडोजीनच्या नैसर्गिक, मोजक्या प्रतींनी असा किती फरक पडणार? एका सत्रात हा वाद मिटत नाही.

बेंचवर वेगळीच डोकेदुखी. आरटी-पीसीआरमध्ये, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत करून ती वाढवताना, डीएनएची भेसळ टाळायला आपण प्रायमर (जिथून प्रत सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा) दोन एक्झॉनच्या (आरएनएत टिकणाऱ्या तुकड्यांच्या) सांध्यावर ठेवतो. पीटेनपी१ला इंट्रॉनच नाहीत, त्यामुळे भेसळीतला डीएनएसुद्धा त्याच प्रायमरने वाढू शकतो आणि आरएनए असल्यासारखा दिसतो. डीएनएजची (डीएनए तोडणाऱ्या विकराची) प्रक्रिया आणि आरटी-विना कंट्रोल (आरएनएची प्रत न करता चालवलेला तुलनेचा नमुना) यांना पर्याय नाही. गोठवलेल्या पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून) मागवणार असाल, तर पावसाळा टाळा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद होता, आणि ड्राय आइस कुणासाठी थांबत नाही.

सीवायपी२१ए१पीचं खरं जनुक, सीवायपी२१ए२, ६ व्या गुणसूत्रावर त्याच्यापासून जेमतेम ३० हजार बेसवर आहे. दोघांचे एक्झॉन ९८ टक्के सारखे. म्हणून अंडपेशी-शुक्रपेशी तयार होताना जोड्या चुकतात आणि स्यूडोजीनमधले दोष खऱ्या जनुकात उतरतात, कधी जनुकाचा मोठा तुकडाच गळतो. आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली की बाळाला जन्मजात अॅड्रिनल हायपरप्लेझिया हा अधिवृक्क ग्रंथींचा आजार होतो. तीव्र प्रकारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या होतात, वजन घटतं, सोडियम खाली आणि पोटॅशियम वर जातं. वेळेत ओळखलं तर हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन या हार्मोनच्या औषधांवर मूल वाढतं. तुमच्या जेलवरची पट्टी इथे खऱ्या घराशी जोडलेली असते, म्हणूनच हा विषय मला जवळचा वाटतो.

काम डीएनएवरचं, त्यामुळे ते पीसीआर, जेल आणि बाहेरून करून घेतलेल्या सिक्वेन्सिंगवर भागतं. एक सापळा मात्र आहे. खऱ्या जनुकाच्या ३ ऱ्या एक्झॉनमध्ये जीएजीएसीटीएसी हे आठ बेस असतात, स्यूडोजीनमध्ये नसतात. प्रायमर नेमका तिथे ठेवला की फक्त खरं जनुक वाढतं. पण रुग्णाच्या एका प्रतीत हेच आठ बेस गळालेले असतील, तर ती प्रत दिसणारच नाही आणि अहवाल चुकेल. म्हणून लांब पल्ल्याचा पीसीआर करा आणि प्रतींच्या संख्येसाठी एमएलपीए ही जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी जोडा. एमएलपीएचं किट महाग असतं, खर्चाचं गाइडशी आधीच बोलून घ्या.

रुग्णांचे नमुने मिळणार नसतील, तर हॉस्टेलमधल्या मित्रांच्या नमुन्यांवर प्रायमर पारखता येतील. त्यालाही नीतिसमितीची मंजुरी लागते, आणि ती मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्याच महिन्यात द्या. कुणी वाहक (एकच सदोष प्रत असलेला) निघाला तर ते त्याला कळवायचं की नाही, हे संमतीपत्रात रक्त काढण्याआधी लिहिलेलं असू द्या.