खासदार-मंत्र्यांची माहिती जमवताना: संसदेचं संकेतस्थळ की विकिडेटा?

नेत्यांचं शिक्षण, आधीचा व्यवसाय, पदांची चढती भाजणी यांवर काम करायचं असेल, तर बहुतेक जण संसदेच्या अधिकृत संकेतस्थळापासून सुरुवात करतात. त्यात गैर काही नाही. आज सभागृहात कोण आहे, कोणत्या समितीवर आहे, हे तिथल्याइतकं खात्रीने दुसरीकडे मिळत नाही. परिचय मात्र बऱ्याचदा त्या सदस्यानेच दिलेला असतो. व्यवसायाच्या रकान्यात ‘समाजसेवा’ दिसलं की पुढे काय विचारणार!

माझं मन उडालं ते वेगळ्याच कारणाने. मंत्री बदलला की पान तेच राहतं, आतला माणूस बदलतो. आधीचा कधी आला, कधी गेला, सगळं पुसलेलं. निवडणुकीनंतर संकेतस्थळाची मांडणी बदलली की साठवलेले दुवेही मेले. मग वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणारा संग्रह) जुन्या प्रती धुंडाळायच्या, आणि हवा तो महिना नेमका तिथे नसतो. अपवाद आहेत. अमेरिकी काँग्रेसची चरित्रसूची १७७४ पासूनचे सदस्य सांभाळते, प्रत्येकाला कायमचा क्रमांकही देते. सगळ्यांनी एवढं केलं असतं तर प्रश्नच मिटला असता.

विकिडेटा (२०१२ पासून) हा विकिपीडियाचा भाऊबंद, कुणालाही भर घालता येईल असा खुला माहितीसाठा. त्यात प्रत्येक व्यक्तीला क्यू-क्रमांक, म्हणजे ‘Q’ने सुरू होणारा ओळखक्रमांक असतो. आडनाव बदललं किंवा दोघांचं नाव एकच असलं, तरी सरमिसळ टळते. पद ‘पी३९’ या रकान्याखाली येतं आणि त्याला सुरुवात, शेवट, आधीचा कोण, नंतरचा कोण, हे जोडता येतं. म्हणजे गेलेला माणूसही यादीत राहतो.

तिथेही खाचखळगे आहेतच. ब्रिटनमध्ये प्रत्येक संसदेचं सदस्यत्व वेगळं नोंदलेलं आहे. त्यामुळे पुन्हा पुन्हा निवडून आलेली व्यक्ती स्पार्कलच्या (विकिडेटाला प्रश्न विचारायच्या भाषेच्या) निकालात अनेक ओळींत दिसते. तेव्हा ओळी नव्हे, क्यू-क्रमांक मोजा. व्यवसायापुढे अनेकदा नुसतं ‘राजकारणी’ असतं, म्हणजे ‘समाजसेवा’ बरी म्हणायची वेळ येते. शिवाय रिकाम्या जागा सगळीकडे सारख्या नसतात. प्रसिद्ध नेत्यांच्या नोंदी भरगच्च आणि लहान देशाच्या उपमंत्र्याची जन्मतारीखही नाही. अपुऱ्या नोंदी सरसकट गाळल्या तर कमी नावाजलेलीच माणसं गळतात.

चालू सभागृहापुरतं काम असेल तर अधिकृत संकेतस्थळ पुरावं. दोन-तीन कार्यकाळ मागे जायचं असेल तर मी तरी आधी विकिडेटाची यादी काढीन, संदर्भ नसलेल्या तारखा वेगळ्या करीन आणि तेवढ्याच राजपत्राशी ताडून बघीन.