दिवाळी अंकाचं संपादन आणि गूगल डॉक्सचा ‘सजेस्टिंग’ मोड: तीन अंकांनंतर

गेली तीन वर्षं आमच्या छोट्या दिवाळी अंकाचा सगळा मजकूर गूगल डॉक्सवर, त्यातही त्याच्या ‘सजेस्टिंग’ मोडमध्ये, म्हणजे मजकूर थेट न बदलता बदल नुसता सुचवण्याच्या सोयीत, संपादित होतो. ही सोय २०१४ पासून आहे, फुकट आहे आणि ऑफिसात ती वापरणारे पुष्कळ असतील. पण पगाराशिवाय, फक्त हौसेवर चालणाऱ्या पाच जणांमध्ये मतभेद झाले की ती कितपत उपयोगी पडते, हे मला सांगायचं आहे. नवा अंक काढायला निघालेल्या कुणाला तरी याचा उपयोग होईल.

आधी आमच्याबद्दल. मी नाशिकला असते, बँकेत नोकरी करते आणि अंकाची जुळवाजुळव बघते. मुद्रितशोधन सांगलीचे सर करतात. ते चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेत. नागपूरची मैत्रीण कथा निवडते, ठाण्याचा एक मुलगा मांडणी आणि मुखपृष्ठ करतो आणि माझी मेलबर्नची नणंद कविता बघते. मानधन कुणालाच नाही. छपाईचा खर्च जाहिराती आणि वर्गणीतून निघतो. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनच्या या परंपरेत आपलीही एक पणती असावी, एवढंच आमचं भांडवल.

अशा टीममधली भांडणं नोकरीतल्यासारखी नसतात. ऑफिसात कितीही वाजलं तरी माणूस सोमवारी जागेवर येऊन बसतो. आमच्याकडे माणूस दुखावला की फोन उचलत नाही, आणि त्याच्याकडचे बारा लेख त्याच्याकडेच राहतात. राजीनामा नाही, कारण नाही. हे आमच्या बाबतीत खरंच झालंय. तेव्हा आम्ही वर्डच्या फाइली ईमेलनं फिरवायचो. ‘कथा_अंतिम’, ‘कथा_अंतिम_२’, ‘कथा_अंतिम_सर’. एका कवितेच्या ओळी कुणीतरी जागा वाचवायला जोडल्या. कुणी, ते आजही मला माहीत नाही. कवीला ते छापील अंकातच कळलं, आणि तेव्हा कविता बघणारा आमचा सहावा मित्र त्या दिवाळीनंतर परत आला नाही. त्यानं विचारलं होतं, “माझ्या पानाला हात लावताना मला एक शब्द विचारायला काय झालं होतं?” त्याला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

सजेस्टिंग मोडमध्ये नेमकं हेच बदलतं. उजव्या बाजूला वरच्या पेन्सिलीच्या चिन्हातून तो निवडला की तुम्ही खोडलेला शब्द नाहीसा होत नाही. त्याच्यावर आडवी रेघ येते, नवा शब्द तुमच्या रंगात शेजारी दिसतो आणि समासात चौकट उमटते: कुणी, कधी, कशाच्या जागी काय सुचवलं. चौकटीत बरोबरची खूण आणि फुली. खूण केली तर बदल मजकुरात मुरतो, फुली मारली तर मूळ शब्द जसाच्या तसा. त्याच चौकटीत उत्तरही लिहिता येतं.

ऐकायला साधं आहे. पण “मी बदललं” आणि “मी सुचवलं” यांत एका माणसाच्या मानाइतकं अंतर असतं, हे मला पहिल्याच वर्षी दिसलं. सर पूर्वी लाल शाईनं दुरुस्ती करायचे ती विद्यार्थ्याच्या वहीत. तिथे उलट विचारायचा प्रश्नच नसायचा. इथे त्यांच्या प्रत्येक दुरुस्तीला उत्तर देता येत होतं. सुरुवातीला त्यांना ते जड गेलं. मग त्यांनी कारणं लिहायला सुरुवात केली. ‘पहिला ऱ्हस्व, कारण तत्सम शब्द’, ‘सामान्यरूपात दीर्घ’ असं. ती कारणं वाचून माझं शुद्धलेखन शाळेतल्या दहा वर्षांत सुधारलं नव्हतं तेवढं सुधारलं.

आता अडचणीची गोष्ट, जी सुरुवातीला आमच्या लक्षात आली नव्हती. ज्याच्याकडे ‘एडिटर’ची परवानगी आहे तो कुणाचीही सूचना मान्य करू शकतो, अगदी स्वतःचीसुद्धा. म्हणजे पाचही जण एडिटर असले तर सुचवण्याला अर्थ उरत नाही. घाईत असलेला माणूस स्वतः सुचवतो आणि स्वतःच खूण करतो. पहिल्या अंकात हे सर्रास झालं. दुसऱ्या वर्षी आम्ही शेअर करतानाच सगळ्यांना ‘कमेंटर’ केलं. कमेंटरला सुचवता येतं, शेरा लिहिता येतो, मजकूर बदलता येत नाही. एडिटर प्रत्येक लेखाला एकच, आणि तो त्या लेखाचा मुद्रितशोधक कधीच नसतो. कथांची खूण नागपूरकडे, कवितांची मेलबर्नकडे, लेखांची माझ्याकडे. कोणत्या फाइलची खूण कुणाकडे हे पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं. तुम्ही हे वापरायला घेणार असाल तर बाकी काही नाही केलं तरी चालेल, हे मात्र पहिल्या दिवशी करा. मतभेदात लोकांना नकार सोसतो. नकार कोण देणार हेच माहीत नसलं की तो सोसत नाही.

दुसऱ्या अंकातली वऱ्हाडी कथेची हकीकत सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नव्या लेखिकेची कथा आली. नागपूरच्या मैत्रिणीनं ती पहिल्या वाचनातच निवडली. संवाद वऱ्हाडीत होतेच: ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’. पण निवेदनही वऱ्हाडीकडे झुकलेलं होतं. सरांनी संवादांना हात लावला नाही. निवेदनातल्या ‘मले’ला मात्र ‘मला’ सुचवलं, असं पानोपानी. त्यांचा आधार पक्का होता. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत वाढलेले चार, असे अठरा नियम आपण पाळतो. पात्रांच्या तोंडची भाषा उच्चारानुसार लिहिण्याची मुभा त्यांत आहे, इतरत्र प्रमाण रूप. सरांनी नियमच समासात उतरवला. मैत्रिणीनं लिहिलं, “या कथेत सांगणारी बाईसुद्धा पात्रच आहे.” सरांनी लिहिलं, “मग उद्या अग्रलेखही पात्र होईल.” पुढे मी मोजलं तर त्या एका चौकटीत तेवीस उत्तरं होती. एक रात्री एक चाळीसचं, त्याचं उत्तर पहाटे पाचचं. वेळ तिथे छापलेलीच असते आणि ती वेळही बोचते. इतक्या रात्री उठून हा माणूस मला खोडतोय, असं वाटतं.

आणि त्या फाइलवर लेखिकाही होती. मीच तिला जोडलं होतं, तिच्या कथेवरचं काम तिला दिसावं म्हणून. एका शेऱ्याला तिनं अगदी सुरुवातीला “ठीक आहे सर” असं उत्तर दिलं होतं. त्यामुळे पुढचं प्रत्येक उत्तर तिच्या ईमेलवर जात होतं. ‘हे अशुद्ध आहे’ हे वाक्यही गेलं. चौथ्या दिवशी तिचा मला निरोप आला: कथा परत घेते, तुमच्यात माझ्यामुळे भांडण नको.

त्या दिवशी मी बँकेतून घरी आले ते थेट फोन हातात घेऊन बसले. आधी लेखिकेला, मग मैत्रिणीला, शेवटी सरांना. सरांशी पाऊण तास बोलले. लेखिकेला ते शेरे दिसतायत हे त्यांना माहीतच नव्हतं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अगं, ती कुणाची तरी पोर आहे. मला सांगायचंस ना.” मत त्यांनी बदललं नाही. निवेदन प्रमाण भाषेतच असावं असं त्यांना आजही वाटतं आणि ते तसं उघड म्हणतात. पण खूण मैत्रिणीची होती. तिनं सगळ्या फुल्या मारल्या आणि कथा वऱ्हाडीतच ठेवायची ठरली.

मला भीती होती की सर आता ती फाइल उघडणार नाहीत. दोन दिवसांनी समासात त्यांची नवी चौकट दिसली: “पान ३ वर ‘नाई’ आहे, पान ५ वर ‘नाय’ आहे. लेखिकेला कोणतं हवं?” खाली आणखी अकरा. त्यांनी त्या कथेपुरती वेगळी शब्दसूची केली होती, कोणतं रूप कुठे आलंय याची. प्रत्येक प्रश्नाला लेखिकेनं स्वतः उत्तर दिलं, आणि एका ठिकाणी तर लिहिलं की आमच्या गावात दोन्ही म्हणतात, आजी एक म्हणते आणि आई दुसरं, तेव्हा दोन्ही राहू द्या. सरांनी खाली लिहिलं, “राहू दिलं.” आमच्या तीन अंकांत इतकी बारकाईनं तपासलेली दुसरी कथा नाही.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी पक्क्या केल्या. एका चौकटीत तिसऱ्या उत्तरानंतर लिहायचं नाही, फोन करायचा. ठरलं की निकाल त्याच चौकटीत एका ओळीत नोंदवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी तोच वाद नव्यानं उकरला जात नाही. आणि लेखकाला आमची पहिली फेरी आटोपल्यावरच जोडायचं, तेही फाइलच्या स्वच्छ प्रतीवर. प्रत काढताना जुने शेरे सोबत घ्यायचे नाहीत. तसा पर्याय तिथे असतो.

मेलबर्नच्या नणंदेसाठी ही सोय वेगळ्या कारणानं मोलाची आहे. आमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिचे पहाटेचे दोन. पूर्वी निर्णय आमच्या रात्रीच्या गप्पांत व्हायचे आणि तिला सकाळी कळायचे. ती बोलायची नाही, पण तिचं मन लागत नसे. आता ती तिच्या वेळेला शेरा लिहिते आणि तिची खूण होईपर्यंत कविता पुढे जात नाही. बोलायचंच असेल तर रविवारी सकाळी अकरा, तिच्याकडे दुपारचे साडेतीन.

काही उणिवा. मराठीत निम्म्या दुरुस्त्या वेलांटी-उकाराच्या असतात. तुम्ही फक्त वेलांटी बदललीत तर चौकटीतही तेवढीच किडूकमिडूक खूण दिसते आणि नजरेतून निसटते. आम्ही अख्खा शब्द बदलून लिहितो, म्हणजे जुना आणि नवा शब्द शेजारी शेजारी दिसतात. मोबाइलवर सुचवता येतं, पण सत्तर सूचना असलेला लेख फोनच्या पडद्यावर वाचणं डोळ्यांना फार त्रासाचं आहे. सरांसाठी आम्ही वर्गणीतून सेकंडहँड लॅपटॉप घेतला, तो खर्च पुरेपूर वसूल झाला. फाइल वर्डमध्ये उतरवली की शिल्लक सूचना ‘ट्रॅक चेंजेस’, म्हणजे वर्डमधल्या अजून मान्य न झालेल्या बदलांच्या खुणा, होऊन सोबत जातात. पहिल्या वर्षी अशी एक फाइल मांडणीला गेली आणि एकाच वाक्यात जुना-नवा दोन्ही शब्द लागले. ते प्रुफात सापडलं. तेव्हापासून टूल्समधल्या ‘रिव्ह्यू सजेस्टेड एडिट्स’मधून एकही सूचना उरली नाही ना, हे पाहूनच फाइल ठाण्याला जाते. ‘व्हर्जन हिस्टरी’त, म्हणजे फाइलच्या जुन्या रूपांच्या नोंदीत, प्रत्येक टप्प्याला नाव देता येतं, तेही द्याच. ‘सरांकडे जाण्याआधी’ असं नाव दिलेली प्रत हाताशी असली की लेखकाला त्याचं मूळ वाक्य दाखवता येतं आणि अर्धा राग तिथेच निवतो.

मुखपृष्ठाला मात्र या सगळ्याचा काही उपयोग नाही. चित्रात कुणी शब्दासारखं शेजारी दुसरं चित्र सुचवू शकत नाही. “पिवळा जरा उबदार हवा” असा शेरा ठाण्याच्या मुलाला लिहून कळवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. मागच्या वर्षी अशा नऊ शेऱ्यांनंतर तो म्हणाला, “ताई, तुम्ही पाच जण मिळून एक पिवळा सांगा, मी तो करतो.” आता तो तीन कच्ची चित्रं कागदावर छापून माझ्याकडे कुरिअरनं पाठवतो. मी ती भिंतीला लावते, दिवसाच्या आणि दिव्याच्या उजेडात फोटो काढून सगळ्यांना पाठवते आणि रविवारच्या अकराच्या बोलण्यात ठरतं. शेवटचा शब्द त्याचा.

शब्दांवरच्या मतभेदांसाठी मी पाचपैकी साडेचार तारे देईन. अर्धा कापला तो वेलांटीसाठी. माणसांमधल्या मतभेदांसाठी तीनच, कारण ती चौकट राग साठवते आणि तारीख-वेळेसकट जपून ठेवते. तीन ते सात जणांच्या टीमला, ज्यांचा मजकूर मराठीत आहे आणि जे वेगवेगळ्या गावांत राहतात, त्यांनी ही सोय जरूर वापरावी. आमचा यंदाचा फोल्डर आषाढात उघडला. गणपती उठले की मजकूर बंद. यंदा कथांची खूण सरांनी मागून घेतली आहे आणि मुद्रितशोधन नागपूरची मैत्रीण करते आहे. काल पहिल्या कथेवर तिनं एकोणीस सूचना टाकल्या. सरांनी चौदा मान्य केल्या, चारांवर फुली मारली आणि एकीपुढे लिहिलं, “यावर फोन करतो.”