शर्यतींची आवड नसलेल्यांनी आधी काय पाहावे: 'रश', 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' की 'सेना'?

मोटार शर्यतींवरचा चित्रपट पाहावा की नाही, या विचारात असलेल्या बहुतेकांची शंका एकच असते. ज्या खेळाचे नियम ठाऊक नाहीत, ज्यातल्या खेळाडूंचे चेहरे हेल्मेटमागे झाकलेले असतात आणि ज्यात गाड्या पुन्हा पुन्हा त्याच वळणावरून जातात, त्यात दोन-अडीच तास मन कसे रमणार? या खेळाचे मलाही आकर्षण नव्हते आणि 'रश' पाहायला बसताना फारशी अपेक्षा नव्हती. त्या चित्रपटाने मात्र मला पुरते जिंकून घेतले आणि पुढे 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' व 'सेना' हे दोन्ही मी आपणहून शोधून पाहिले. तिन्ही चित्रपटांत कथेचा कळस अशा क्षणी येतो, जेव्हा चालकासमोर वेग कमी करण्याचा किंवा थांबण्याचा प्रश्न उभा राहतो. शर्यतींशी देणेघेणे नसलेला प्रेक्षक तिथेच गुंततो, कारण तो प्रश्न समजायला इंजिनाचे ज्ञान लागत नाही. हे सारे प्रत्यक्षात घडलेले असल्यामुळे पुढे निकाल लपवलेले नाहीत. ते न कळता चित्रपट पाहायचे असतील, तर शेवटचे दोनच परिच्छेद वाचावेत.

'रश' (२०१३) हा रॉन हॉवर्ड यांनी दिग्दर्शित केलेला आणि पीटर मॉर्गन यांनी लिहिलेला चित्रपट फॉर्म्युला वन या सर्वोच्च श्रेणीच्या मोटार शर्यतींच्या १९७६ च्या हंगामाची कथा सांगतो. एका बाजूला देखणा, बेफिकीर, इंग्रज जेम्स हंट आणि दुसऱ्या बाजूला तुसडा वाटावा इतका स्पष्टवक्ता, प्रत्येक गोष्ट हिशेबाने करणारा ऑस्ट्रियाचा निकी लाउडा. सुरुवातीला चित्रपट हंटचा आहे असे वाटते, आणि हंट साकारणाऱ्या क्रिस हेम्सवर्थची छाप पाहता ते स्वाभाविकही आहे. पण डॅनियल ब्रूल ज्या रीतीने लाउडा उभा करतो, त्यामुळे आपली सहानुभूती नकळत या न आवडणाऱ्या माणसाकडे सरकत जाते. आपण दर वेळी गाडीत बसतो तेव्हा मृत्यूची शक्यता २० टक्के आहे हे मला मान्य आहे, त्याहून एक टक्काही अधिक मान्य नाही, असे तो या चित्रपटात सांगतो, आणि पुढचे सारे कथानक त्या एका टक्क्याभोवती फिरते.

१ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर लाउडाच्या गाडीला अपघात होऊन तिने पेट घेतला. सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या त्या सर्किटवर सगळीकडे वेळेत मदत पोहोचणे अवघड होते आणि त्याला आगीतून ओढून काढले ते मागून आलेल्या सहस्पर्धकांनी. रुग्णालयात त्याच्यासाठी मृत्यूपूर्वीचे धार्मिक विधीही उरकण्यात आले होते, आणि तरीही सहा आठवड्यांनी, जखमा पुरत्या भरलेल्या नसताना, तो इटलीतल्या मोंझा येथे शर्यतीत उतरला आणि चौथा आला. एवढ्यावर चित्रपट संपला असता, तर ती जिद्दीची एक ओळखीची कथा ठरली असती. मला ज्याने जिंकले ते त्यापुढचे आहे. २४ ऑक्टोबरला जपानमधल्या फुजी सर्किटवर हंगामातली शेवटची शर्यत होती, जगज्जेता ठरवणाऱ्या हंगामभराच्या गुणांत लाउडा ६८ गुणांसह आघाडीवर होता, हंट ६५ वर होता आणि पाऊस असा कोसळत होता की समोरची गाडी दिसत नव्हती. दोन फेऱ्यांनंतर लाउडा गाडी पिटमध्ये, म्हणजे संघांच्या थांब्यावर, आणून उतरला. हंट तिसरा आला, चार गुण मिळवून ६९ वर पोहोचला आणि एका गुणाने जगज्जेता झाला. जो माणूस मृत्यूच्या दारातून परतून पुन्हा गाडीत बसला, तोच जगज्जेतेपद हातात असताना 'आता पुरे' म्हणतो, आणि चित्रपट त्याला ना भेकड ठरवतो ना हुतात्मा. इंजिन बिघडल्याचे सांगण्याची तयारी त्याच्या फेरारी संघाच्या अभियंत्याने दाखवली असतानाही लाउडाने ती सबब नाकारली होती, हे वाचल्यावर त्या प्रसंगाचे मोल माझ्या लेखी आणखी वाढले.

'फोर्ड व्हर्सेस फेरारी' (२०१९) हा जेम्स मॅन्गोल्ड यांचा चित्रपट वेगळ्या जातीचा आहे. इथे झुंज दोन कंपन्यांची वाटत असली तरी ती खरे तर कारखान्यातल्या जाणत्या माणसांची आणि वरच्या मजल्यावर बसलेल्या अधिकाऱ्यांची आहे. १९६३ मध्ये फेरारी कंपनी विकत घेण्याची बोलणी फिसकटल्यावर दुसऱ्या हेन्री फोर्डने फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत फेरारीला हरवायचे ठरवले. ही जबाबदारी येते कॅरोल शेल्बीवर, ज्याने १९५९ मध्ये स्वतः ती शर्यत जिंकली होती आणि हृदयविकारामुळे ज्याला गाडी सोडावी लागली होती. त्याच्या सोबतीला आहे केन माइल्स, गाडीचा आवाज ऐकून तिचे दुखणे सांगणारा, पण साहेबांसमोर गोड बोलता न येणारा इंग्रज चालक. शेल्बी झालेला मॅट डेमन आणि माइल्स झालेला क्रिश्चन बेल यांच्यातली मैत्री हा या चित्रपटाचा सर्वांत आनंददायक भाग आहे. ब्रेक तापून निकामी होतात म्हणून शर्यत चालू असताना संपूर्ण ब्रेकसंचच बदलण्याची युक्ती, गाडीभोवतीची हवा कुठून वाहते हे पाहण्यासाठी पत्र्यावर चिकटवलेले दोरे, अशा गोष्टी ज्यांना हाताने काम करण्याची आवड आहे त्यांना खिळवून ठेवतात. ज्यांनी कधी एखाद्या मोठ्या संस्थेत नोकरी केली आहे, त्यांना बैठकींचे प्रसंग शर्यतीइतकेच ओळखीचे वाटतील.

याचाही कळस वेग कमी करण्यात आहे. जून १९६६ मध्ये फोर्डच्या तीन गाड्या आघाडीवर असताना, छायाचित्र चांगले यावे म्हणून त्या एकत्र रेषा ओलांडतील असे वरून ठरते आणि माइल्सला थांबून मागच्यांची वाट पाहायला सांगितले जाते. तो वेग कमी करतो, आणि ब्रूस मॅक्लारेन व क्रिस अमोन यांची फोर्डचीच गाडी सुरुवातीच्या रांगेत मागे उभी होती, म्हणजे तिने अधिक अंतर कापले, या कारणाने विजय त्यांना दिला जातो. त्याच वर्षी डेटोना आणि सेब्रिंग या अमेरिकेतल्या मोठ्या शर्यती जिंकलेल्या माइल्सचा हा तिसरा मोठा विजय असा हुकला, आणि दोनच महिन्यांनी कॅलिफोर्नियात नव्या गाडीची चाचणी घेताना तो गेला. लाउडाचा निर्णय त्याचा स्वतःचा होता; माइल्सला तो वरून आलेला आदेश म्हणून पाळावा लागला. म्हणून 'रश' संपल्यावर मन शांत होते, तर या चित्रपटाच्या शेवटी संताप येतो.

'सेना' (२०१०) हा आसिफ कपाडिया यांचा माहितीपट आहे. ब्राझीलचा फॉर्म्युला वन चालक आयर्टन सेना याचे आयुष्य त्यात केवळ त्या काळच्या चित्रफितींतून उलगडते. आज मागे वळून बोलणाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त त्यांचे आवाज ऐकू येतात. त्यामुळे तो माहितीपटासारखा न वाटता कथापटासारखा चढत जातो. मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवरून गाडीतल्या कॅमेऱ्याने टिपलेली एक फेरी कोणत्याही पटकथेपेक्षा अधिक श्वास रोखायला लावते. १ मे १९९४ च्या इटलीतल्या इमोला शर्यतीच्या आदल्या दिवशी रोलंड रात्झेनबर्गर हा चालक पात्रता फेरीत मरण पावला, तेव्हा फॉर्म्युला वनचे डॉक्टर सिड वॉटकिन्स सेनाला म्हणाले की आता हे सोडून दे, आपण मासे पकडायला जाऊ. आपल्याला थांबता येणार नाही, असे त्याने उत्तर दिले, आणि दुसऱ्याच दिवशी त्या शर्यतीत अपघात होऊन तो गेला. 'रश'मधला लाउडा पाहिलेला असेल, तर हे उत्तर ऐकताना जे वाटते ते फार जड असते.

सत्याशी प्रामाणिकपणाच्या बाबतीत तिघांनीही मोकळीक घेतली आहे. 'रश'मध्ये हंट आणि लाउडा यांच्यातले वैर फुगवले आहे. वास्तवात ते जुने मित्र होते. 'फोर्ड व्हर्सेस फेरारी'मध्ये एन्झो फेरारी ल मांच्या प्रेक्षागारात दिसतात, पण १९६६ मध्ये ते तिथे नव्हते. माझ्या मते सर्वांत गंभीर दोष 'सेना'चा आहे, कारण त्यातली दृश्ये खरी असल्यामुळे प्रेक्षक निवेदनही निःपक्षपाती मानतो, आणि सेनाचा प्रतिस्पर्धी ॲलन प्रॉस्टसारखा चार वेळचा जगज्जेता तिथे जवळजवळ खलनायकाच्या भूमिकेत ढकलला जातो.

आता पाहण्याच्या सोयीविषयी. घरातल्या किशोरवयीन मुलांसह पाहायचे असेल, तर 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' निवडावा. तो १५२ मिनिटांचा असला तरी लांबी जाणवत नाही, आणि संकलन व ध्वनिसंकलन यांसाठी मिळालेले त्याचे दोन्ही ऑस्कर चांगल्या स्पीकरवर ऐकताना पटतात. 'रश' सुमारे दोन तासांचा आहे, पण त्यात शय्यादृश्ये आहेत आणि रुग्णालयातले उपचार इतक्या जवळून दाखवले आहेत की मुलांसोबत किंवा जेवताना तो पाहू नये. 'सेना' तिघांत सर्वांत लहान आहे. मात्र त्यात पोर्तुगीज बोलणे बरेच असल्याने उपशीर्षके वाचण्याची तयारी हवी, आणि त्यातले अपघात अभिनित नाहीत याचीही जाणीव हवी. ब्रॅड पिटच्या २०२५ च्या 'एफ वन'चे चित्रण प्रत्यक्ष ग्रां प्रीच्या, म्हणजे फॉर्म्युला वन शर्यतींच्या, ठिकाणी झाले आहे आणि पडद्यावर तो भव्य दिसतो. कथा मात्र काल्पनिक आणि बेताची आहे, त्यामुळे पहिला चित्रपट म्हणून तो मी सुचवणार नाही.

ज्यांना या खेळाविषयी काहीच वाटत नाही, त्यांनी 'रश'पासून सुरुवात करावी, कारण नियम न समजताही त्यातला प्रत्येक निर्णय समजतो. कारखाना, यंत्रे आणि मैत्री यांची ओढ असेल, तर 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' आधी पाहिला तरी बिघडत नाही. तिघांत मला सर्वश्रेष्ठ वाटतो तो 'सेना', पण तो शेवटी पाहावा, आणि दुसऱ्या दिवशी लवकर उठायचे नसेल अशा रात्री पाहावा, कारण तो संपल्यावर लगेच झोप येत नाही.