थ्री-नॉट-थ्रीची नळी स्वतः मोजली नाही, १२३० डॉलर गेले

हे लिहायला दोन महिने लागले कारण लाज वाटत होती. भोसरीत अकरा वर्षं टूलरूम आणि क्वालिटीत काढलीत मी, मायक्रोमीटर हाताच्या सवयीचा, आणि मलाच एका माणसाने माप दाखवून गंडवलं. माप लपवून नाही, दाखवून! इथे अमेरिकेत आपल्यातले बरेच जण आता जुन्या मिलिटरी रायफली घेऊन घरी काडतुसं भरायला लागलेत, त्यांच्यासाठी लिहितोय.

रविवार दुपार, गन शो संपायला तासभर बाकी. एका टेबलवर थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एन्फिल्ड नंबर वन मार्क थ्री स्टार रायफल, बाजूला मुकुट, जीआरआय (ब्रिटिश राजाची मोहोर), खाली ईशापूर, म्हणजे बंगालमधला रायफल कारखाना, आणि १९४३. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत लढलेले, आणि कॉलेजात एनसीसीला आम्ही ह्याच थ्री-नॉट-थ्रीवर ड्रिल केलेली. मी चूक केली ती ही की हे सगळं त्या टेबलवाल्याला सांगून बसलो. त्यानंतर तो लगेच म्हणाला, काय सांगावं, तुझ्या आजोबांच्या कंपनीतलीच असेल ही. तिथेच मी अर्धा गेलो होतो.

तरी मी बोअर, म्हणजे नळीच्या आतलं माप, विचारला, हे लक्षात घ्या. आंधळेपणाने पैसे नाही टाकले. पुस्तकात ह्या रायफलच्या नळीच्या आतल्या पीळदार खाचांचा (गोळीला फिरकी देतात त्या) व्यास ०.३११-०.३१२ इंच असतो पण युद्धकाळातल्या नळ्या ०.३१८ पर्यंतही सापडतात, त्यात कॉर्डाइट ह्या जुन्या दारूची आग, क्षारवाले जुने प्रायमर (काडतूस पेटवणारी टोपी) आणि सत्तर-ऐंशी वर्षं दोरी ओढून केलेली सफाई, त्यामुळे नळी मोजल्याशिवाय गोळ्या घ्यायच्या नाहीत हे मला माहीत होतं. तो हसला, टेबलाखालून झिपलॉकची पिशवी काढली, आत शिशाचा स्लग, म्हणजे नळीतून ठोकून काढलेला तुकडा, नळीच्या खाचा त्यावर उंचवटे होऊन उठतात, पिशवीवर मार्करने ०.३१२ लिहिलेलं. मी स्वतः ह्या नळीतून ठोकून काढलाय म्हणे. वर व्हर्नियर पण दिला, मोजून बघ म्हणाला.

मी मोजला. ०.३१२ आला.

आता हेच मला रात्री आठवतं. व्हर्नियरचे दोन्ही जबडे स्लगच्या समोरासमोरच्या दोन उंचवट्यांवर अगदी सपाट बसले. ली-एन्फिल्डच्या ह्या नळीला पाच खाचा असतात. पाच असल्या की एका उंचवट्याच्या बरोबर समोर खड्डा येतो, साध्या व्हर्नियरने व्यास मिळतच नाही. पाच फ्लूटचा रीमर (भोक साफ करायचं पाच धारांचं हत्यार) साध्या मायक्रोमीटरने मोजू नका, व्ही-अॅन्व्हिल, म्हणजे व्ही आकाराच्या बैठकीचा घ्या, हे मी ट्रेनी पोरांना ओरडून सांगितलंय वर्षानुवर्षं. आणि तिथे माझ्या हातात चार उंचवट्यांचा स्लग होता, पीळ उजवीकडे. एन्फिल्डचा पीळ डावीकडे असतो. तो स्लग त्या रायफलचा नव्हताच, बहुतेक कुठल्यातरी रशियन मोसिन रायफलचा, तिला चार खाचा आणि उजवा पीळ असतो. नुसतं चार मोजायचं होतं. चार! पण हॉलमध्ये गोंगाट, मागे दोन गिऱ्हाईकं उभी, तो म्हणतोय की हा दुसरा माणूस ९०० देतोय, माणूस काय काय बघणार.

नळीत डोकावलं होतं मी, चकचकीत होती. पॉलिश मारून कुठलीही नळी चमकते, चमक म्हणजे माप नाही. नळीच्या तोंडात गोळी घालून बघतो म्हटलं तर म्हणाला शोमध्ये काडतूस काढायला बंदी आहे. अहो, काडतुसाला बंदी असते, नुसत्या सुट्या गोळीला, म्हणजे दारू-केस नसलेल्या पुढच्या टोकाला, कोण अडवतंय? जाताना एक सुटी गोळी खिशात ठेवा.

रायफल ८२५ डॉलर. डाय (काडतुसं भरायचे साचे) आणि १७४ ग्रेन वजनाच्या ३०० गोळ्या, ह्याच बोअरला मॅच म्हणून, १६५. एकूण ९९० कॅश. पर्सनल कलेक्शन म्हणून पावती नाही. त्याने माझं ड्रायव्हिंग लायसन्स नीट बघितलं, एकाच राज्यातले आहोत ना ते. मी त्याचं बघितलं नाही. नंतर पितळी केसेस (काडतुसाची रिकामी नळकांडी) १०० नग ११२, पावडर आणि प्रायमर ६८.

रेंजवर पन्नास यार्डावरून दहा फैरी झाडल्या. सात कागदावर, त्यातली चार भोकं लांबट, म्हणजे गोळी आडवी होऊन लागलेली. आधी वाटलं माझंच लोडिंग चुकलं, दोन वीकेंड त्यात घालवले, बायकोची बोलणी खाल्ली ती वेगळी. शेवटी जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं. मासेमारीचं मऊ शिसं, नळीला तेल, लाकडी हातोडीने तोंडातून आत ठोकलं आणि मग पितळी रॉडने पुढे सारलं. सुरुवातीला जोर लागला आणि मधल्या भागात तर रॉड हातानेच सरकायला लागला, तिथेच पोटात गोळा आला. स्लगला दोन थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पितळी शिम, म्हणजे पातळ पट्टी, गुंडाळून मायक्रोमीटर लावला, शिमचे चार थाऊ वजा केले. ०.३१७. म्हणजे ०.३१२ च्या गोळ्या ह्या नळीत सैल. पाच उंचवटे, डावा पीळ. शेजारी त्याचा पिशवीतला स्लग ठेवला, चार उंचवटे, उजवा पीळ. पोरगा पाचवीत आहे माझा, त्यालाही लांबून फरक दिसला.

गनस्मिथने ६० डॉलर घेऊन तेच सांगितलं, नळी झिजलेली. एकूण १२३० डॉलर. आणि कोणी सांगेल की मग जाड गोळी घाल, तर तसं परस्पर करू नका. जाड गोळीने केसची मान फुगते, चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसतं तिथे) जागा उरली नाही तर मान गोळी सोडत नाही आणि प्रेशर वाढतं. आधी चेंबरची मान मोजून घ्या, डोळा जाईल नाहीतर.

आता तक्रारीचं ऐका. पोलिसांत गेलो, काउंटरवरचा म्हणाला हे सिव्हिल मॅटर. मी दोन्ही स्लग काचेखालून सरकवले, त्याने हात पण लावला नाही, विचारलं रायफल चोरीची आहे का? नाही. चालते का? चालते. मग फसवणूक कुठे? आता ह्याला पाच आणि चारचा फरक कसा समजावू. शोवाले म्हणाले आम्ही फक्त टेबल भाड्याने देतो, आणि टेबल कोणाच्या नावावर होतं ते सांगणार नाही, प्रायव्हसी. प्रायव्हसी चोराची! मग राज्याच्या ग्राहक खात्याला नऊ पानी फॉर्म, फोटो, मापं सगळं पाठवलं. सहा आठवड्यांनी तीन ओळींचं पत्र आलं की विकणारा व्यावसायिक नाही म्हणून आमच्या कक्षेत नाही. तो माणूस दर शोला टेबल लावतो, अजून व्यावसायिक म्हणजे काय असतं? स्मॉल क्लेम्सला (छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट) जायचं तर त्याचं पूर्ण नाव आणि पत्ता लागतो, आणि त्याने दिलेला फोन नंबर बंद आहे. मी टॅक्स भरतो ह्या राज्यात चौदा वर्षं.

पावती मागा, हाताने लिहिलेली चालेल पण नाव, सिरियल नंबर आणि बोअरचं सांगितलेलं माप त्यात पाहिजे. नाही म्हणाला तर निघा तिथून. दुसऱ्याचा स्लग मोजू नका, समोर नवा काढायला सांगा. आणि डाय-गोळ्या नळी मोजल्यानंतरच.

पुढचा शो त्याच हॉलमध्ये मार्चमध्ये आहे. दोन्ही दिवसांचं तिकीट काढलंय, दोन्ही स्लग खिशात घेऊन जाणार आहे. कोणी जवळपास राहत असाल तर कळवा, साक्षीला एक माणूस पाहिजे.