ॲपल २०३०, सॅमसंग २०५०: दोन वर्षांत नेमकं काय धरलंय?

ऑफिससाठी पन्नासेक फोन घ्यायचे आहेत आणि खरेदीच्या टिपणात उत्पादकाच्या हवामान-उद्दिष्टाचा रकानाही भरायचा आहे. निव्वळ उत्सर्जन शून्यावर (जेवढे हरितगृह वायू सोडले तेवढे भरून काढून) आणण्याची दोन वर्षं समोर येतात: ॲपल २०३०, सॅमसंग २०५०. वीस वर्षांचा फरक पाहून निकाल लागला असं वाटतं, पण ही वर्षं एकाच गोष्टीची नाहीत.

ॲपलच्या उद्दिष्टात (घोषणा जुलै २०२०) स्कोप १, २ आणि ३ तिन्ही येतात. स्कोप १ म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या जागांमधून थेट होणारं उत्सर्जन, २ म्हणजे विकत घेतलेली वीज, ३ म्हणजे बाकी सगळं: पुरवठादारांचे कारखाने, वाहतूक, इतकंच काय, ग्राहकाच्या घरचं चार्जिंगही. २०१५च्या तुलनेत ७५ टक्के कपात करायची, उरलेलं कार्बन क्रेडिटने, म्हणजे दुसरीकडे झाडं लावून वगैरे शोषलेल्या कार्बनच्या दाखल्यांनी, भरून काढायचं. २०२४पर्यंत ६० टक्क्यांहून जास्त कपात झाल्याचं कंपनी सांगते.

सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सने सप्टेंबर २०२२मध्ये जाहीर केलेलं निव्वळ शून्य फक्त स्कोप १ आणि २ पुरतं आहे. फोन, टीव्ही, फ्रिज बनवणारा डीएक्स विभाग २०३०ला तिथे पोचणार, संपूर्ण कंपनी २०५०ला. गफलत होते ती इथेच. गॅलॅक्सी डीएक्सचा, म्हणून रकान्यात ‘२०३०’ लिहिलं जातं. पण सॅमसंगच्या चिप बनतात डीएस विभागात, आणि कंपनीच्या उत्सर्जनाचा मोठा वाटाही त्याच विभागाचा.

चिपच्या कारखान्यात सिलिकॉनवर नक्षी कोरायला कार्बन टेट्राफ्लोराइडसारखे वायू लागतात, यंत्रांच्या पोकळ्या साफ करायला नायट्रोजन ट्रायफ्लोराइड. शंभर वर्षांच्या हिशेबाने पहिल्याचा एक किलो म्हणजे साडेसहा हजार किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. दुसऱ्याचा सोळा हजारांच्या वर. प्रक्रियेत सगळा वायू खपत नाही. उरलेला जाळून किंवा उत्प्रेरकाने फोडावा लागतो. ती यंत्रणा बंद पडली की थेट हवेत. छतावर कितीही सौर पॅनेल लावले तरी हा भाग हटत नाही.

सॅमसंगच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. २०२१मध्ये तिचं स्कोप १ आणि २ उत्सर्जन सुमारे १.७ कोटी टन होतं. ॲपलचं स्कोप १ आणि २ तिच्या एकूण उत्सर्जनाच्या एक टक्काही नाही, कारण ॲपलचे चिपचे कारखानेच नाहीत. ॲपल सॅमसंगकडूनही सुटे भाग घेते. तिथला धूर सॅमसंगच्या वहीत स्कोप १, ॲपलच्या वहीत स्कोप ३. त्यामुळे नुसते स्कोप १ आणि २ शेजारी मांडणं निरर्थक आहे.

ॲपलची कच्ची बाजू म्हणजे क्रेडिट. ऑगस्ट २०२५मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयाने ॲपल वॉचची ‘कार्बन न्यूट्रल’ ही जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. पॅराग्वेतल्या ज्या निलगिरी लागवडीच्या भरवशावर दावा होता, तिथल्या ७५ टक्के जमिनीचे भाडेकरार २०२९लाच संपत होते. तेव्हा टिपणात प्रत्यक्ष कपात आणि क्रेडिट यांचे रकाने वेगळे ठेवा. विजेचंही तसंच: हरित विजेची विकत घेतलेली प्रमाणपत्रं धरून आणि स्थानिक ग्रिडप्रमाणे, असे दोन्ही आकडे मागा. एकच मिळाला तर तो बहुधा प्रमाणपत्रांचा, म्हणजे देखणा असतो.

आता फोन. १२८ जीबीच्या आयफोन १५चं आयुष्यभराचं उत्सर्जन ॲपल ५६ किलो देते, त्यात वापर तीन वर्षांचा धरलेला. सुमारे ४५ किलो उत्पादनातच जातात. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर वर्षाला साडेसहा युनिट, आपल्या ग्रिडवर साडेचार-पाच किलो. फोन तीन वर्षांत बदलला तर उत्पादनाचा बोजा वर्षाला १५ किलो, सहा वर्षं चालवला तर साडेसात. वर्षाला वाचलेले साडेसात किलो चार्जिंगच्या अख्ख्या वर्षाच्या उत्सर्जनापेक्षा जास्त भरतात.

उद्दिष्टालाच गुण द्यायचे असतील तर ॲपल पुढे. फोन सहा-सात वर्षं चालवायचे असतील तर गॅलॅक्सी एस२४पासूनची एस मालिकाही तोडीस तोड, कारण तिला सात वर्षं अपडेटचं आश्वासन आहे. स्वस्त मालिकांना हेच गृहीत धरू नका, मॉडेलनुसार तपासा. स्टोरेज वाढलं की उत्पादनाचं उत्सर्जनही वाढतं; मेल आणि हजेरीसाठी ५१२ जीबी घेऊ नका. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी बॅटरी बदलण्याचा दर पहिल्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या.