फॉगर की झाकणाचा टब?

कासवाच्या पिल्लाला दमट हवा मिळावी म्हणून फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र) घ्यावा की झाकणाचा टब, असा प्रश्न आहे. पिल्लू सुलकाटाचं (जमिनीवर राहणारं आफ्रिकी कासव) आहे आणि परिवेश या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद झाली आहे, असं धरून चालतो. (स्टार कासव असेल तर बोलणंच खुंटलं, ते कायद्याने घरात ठेवता येत नाही.) त्याला ८० टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो, कोरड्या हवेत पाठीवर उंचवटे येतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

मुंबईत दमटपणा कशाला विकत घ्यायचा, असं मलाही वाटलं होतं. पण जानेवारीत जमिनीकडचा वारा सुटला की दुपारी हायग्रोमीटर (दमटपणा मोजणारं यंत्र) चाळिशीखाली गेलेला पाहिलाय. एसीच्या खोलीचं तर विचारूच नका.

आधी फॉगर घेतला. उघडी लाकडी पेटी, कोपऱ्यातून धुकं. दिसतं देखणं, पाहुणे खूश. आकडा भराभर चढतो, बंद केला की तितक्याच घाईने उतरतो. तेही चालवून घेतलं असतं. चालली नाही ती पांढरी पूड. आमच्या सोसायटीच्या टाकीत महापालिकेच्या पाण्याबरोबर बोअरचं पाणी येतं. फॉगर त्यातले क्षारही उडवतो. पाणी हवेत विरतं, क्षार खाली बसतात. टीव्हीवर, पिल्लाच्या पाठीवर, आणि मुख्य म्हणजे आईच्या देवघरात. रोज सकाळी गणपती पुसताना "तुझ्या कासवाने देवांना पावडर लावलीय" हे ऐकायचं. डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणून पाहिले. लिफ्ट नसलेला तिसरा मजला. हौस दोन आठवड्यांत फिटली.

आता झाकणाचा प्लॅस्टिकचा टब आहे. तळाशी चार बोटं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कोमट पाणी कोपऱ्यांतून ओतायचं. खालचा थर ओला, वरचा कोरडा राहतो. पोटाखाली कायम ओल राहिली तर कवच सडतं. उजेड न देता ऊब देणारा सिरॅमिक बल्ब जाळीत, प्लॅस्टिकपासून लांब, थर्मोस्टॅटवर. रात्रीही २७ अंशांखाली जाऊ देत नाही, कारण गार ओलीत पिल्लाची छाती भरते. यूव्हीबीची (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) नळी आतच हवी, झाकण ते किरण अडवतं. कोकोपीटला पाणी माझ्याकडे आठवड्यातून एकदा पुरतं.

कटकटी इथेही आहेत. पिल्लू बघायला झाकण उचलावं लागतं. एकदा चिलटं झाली. जास्वंदीची पानं लादीच्या तुकड्यावर वाढावी लागतात, नाहीतर कोकोपीट पोटात जातं. पावसाळ्यात झाकण जरा तिरकं ठेवतो.

तुमच्याकडे बोअरचं पाणी नसेल आणि घरात रोज देव पुसणारं कोणी नसेल, तर फॉगरही वाईट म्हणणार नाही. माझा माळ्यावर पडलाय, चालू स्थितीत.