आर्वीच्या बाजारातला दगडी खल : ठेच्यासाठी घ्यावा की नाही

आधी निकाल सांगते, कारणं मागून. घरात ठेचा वरचेवर लागत असेल, मिरची परसातली असेल आणि मनगटात थोडा जोर असेल, तर दगडी खल घ्याच. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक कापला, तो दगडाचा दोष म्हणून नाही. विकणारी बाई छातीठोकपणे म्हणाली होती, "आजच वापरा, काही करा लागत नाही." करा लागते. बरंच करा लागते.

आर्वीच्या आठवडी बाजारात भाजीच्या ओळी संपल्या की फडे, खराटे, सुपं लागतात आणि त्यांच्याही पुढे जमिनीवर पोतं अंथरून पाटे, वरवंटे, जाती आणि खल मांडलेले असतात. साडेचारशे सांगितले, साडेतीनशेला मिळाला. बाहेरून सात इंच रुंद, आतला खळगा तीन इंच खोल, बत्ता धरून वजन सहा किलोच्या आसपास. हे वजन पिशवीत घालून एसटीत चढायचं असतं, हे भाव करताना कोणाच्या लक्षात येत नाही. कंडक्टरनं पिशवी पायानं सरकवायला पाहिली आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मी मैलाचा दगडच उपटून आणला आहे.

दगड निवडण्यात मात्र घाई करू नका, सगळी मेख तिथेच आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यात काळा दगड काही परका नाही. विहीर खणली की मुरुमाखाली तोच लागतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजून झालेला हा बेसाल्ट. पण सगळा काळा दगड खलाच्या कामाचा नसतो. काहींत बारीक भोकं असतात, काहींत पांढरे ठिपके. ठिपक्यांचा दिसायला फार छान, आणि बाई तोच पुढे करत होती. तो घेऊ नका. ते पांढरं मूळ दगडापेक्षा मऊ असतं, ठोकून ठोकून सुटतं, आणि सुटून जातं कुठे, तर ठेच्यात. भोकांच्या दगडात मिरचीच्या बिया जाऊन बसतात त्या सुईनं काढाव्या लागतात.

निवडताना मी काय पाहिलं ते सांगते. बत्त्यानं कडेवर हलकं वाजवायचं. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर आहे. मग खळग्यात पाणी ओतायचं आणि भाव करत बसायचं. भाव होईस्तोवर पाणी खाली उतरलं किंवा बाहेरून ओल दिसली, तर उठायचं. बाईला ही परीक्षा आवडत नाही. "दगड विकत घेऊन राहिल्या का मडकं?" असं तिनं विचारलंच. विचारू द्या.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मिक्सर हाये न घरात. हा गोटा कायले आणला वं?" त्यांच्या माहेरी पाटा होता, वरवंटा होता आणि रोजचं वाटणही होतं, त्यामुळे दगडाचं कौतुक त्यांना असायचं कारणच नाही. मिक्सर आला त्या दिवशी त्यांनी पाटा जो परसात ठेवला तो आजही कपडे धुवायच्या कामी आहे.

आता ते "काही करा लागत नाही" प्रकरण. नव्या खलावर छन्नीचे टाके ताजे असतात आणि त्यांत दगडाची भुकटी भरलेली असते. नुसतं पाण्यानं धुऊन ती जात नाही. मूठभर भिजवलेले तांदूळ घालून रगडले, तर पीठ चुलीतल्या राखेसारखं करडं निघालं. ते फेकलं, परत तांदूळ, परत करडं. पीठ पांढरं निघेपर्यंत हेच करायचं. मग लसणाच्या पाकळ्या आणि खडेमीठ घालून एक घाणा काढायचा, तोही फेकायचा. जीभ लावून पाहायची. दाताखाली कच लागली नाही तर खल तयार. हे बाजारातच सांगितलं तर काय बिघडतं? तांदूळ काही लाखमोलाचे नसतात, पण पहिल्याच दिवशी ठेच्यात कच लागली की माणूस खल उचलून परसात ठेवतो, पाट्याशेजारी.

परसात माझ्याकडे मिरची, वांगी, भेदरं (म्हणजे टमाटे), सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि कुंपणावर दोडक्याचा वेल एवढं आहे, सगळं न्हाणीच्या पाण्यावर. मिरची दोन जातीची. एक पुसा ज्वाला, फिकट हिरवी, सुरकुतलेली, टोकाला वाकडी. दुसरी गावरान, बोटाच्या पेराएवढी, आभाळाकडे तोंड करून लागणारी. मे महिन्यात पारा 45 ला टेकला की दोन्ही फुलं गाळतात, तेव्हा जुन्या लुगड्याची सावली करावी लागते. पावसाळ्यात बोकड्या येतो, पानं आकसून वळतात, पांढरी माशी तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. तसं झाड दिसलं की मी उपटून टाकते, जीव लावत नाही. हे सगळं खलाच्या लेखात कशाला, तर खलाला ताजी मिरची लागते म्हणून. झाडावरून नुकतीच तोडलेली मिरची बत्त्याखाली कचकन फुटते. बाजारातली, पोत्यात दबून आलेली, तिची साल चिवट झालेली असते. ती बत्त्याखालून निसटते, चेपते, पण तुटत नाही. तिला मिक्सरच बरा.

ठेचा आमच्याकडे असा होतो. मिरच्यांना एकेक चीर द्यायची, नाहीतर तव्यावर फुटून तेलासकट अंगावर येतात. लोखंडी तव्यावर चमचाभर शेंगदाण्याचं तेल, त्यात मिरच्या आणि लसूण, वरून ताटली. मिरचीला काळे डाग पडले आणि घरातलं पहिलं माणूस खोकललं की उतरवायच्या. खलात आधी खडेमीठ आणि जिरं, मग लसूण. बारीक मीठ चालत नाही, खड्याच्या धारेवर लसूण धरला जातो, नाहीतर पाकळी खलभर पळते. लसणाचा लगदा झाला की मिरच्या, एका वेळी चार-पाचच.

इथून पुढे ठोकायचं नाही. नवी माणसं ठोकतात आणि रस डोळ्यात घेतात. बत्ता मिरचीच्या देठाकडच्या बाजूवर टेकवायचा, वजन द्यायचं आणि मनगट फिरवून कडेकडे ओढायचा. साल एका बाजूला फाटते, आतली पांढरी शीर मोकळी होते, बिया मिठात पसरतात. दोन-चार वेळा फिरवलं की हिरवं पाणी सुटतं आणि लगेच लसूण ते पिऊन टाकतो. तळाशी खरखर आवाज येत होता तो बदलून ओला, जाड आवाज यायला लागतो. तिथे थांबायचं. मग चिरलेला सांबार, वाटलं तर भाजलेले शेंगदाणे, आणि ते फक्त दडपायचे. ज्वारीच्या भाकरीवर घेऊन वरून कच्चं जवसाचं तेल सोडायचं.

मिक्सरच्या ठेच्यात आणि यात फरक कोणता, हे मला नीट सांगता येतं. मिरचीचा तिखटपणा बियांत असतो असं आपण समजतो, पण तो असतो बिया ज्याला धरून असतात त्या पांढऱ्या शिरेत. मिक्सरचं पातं शीर, साल, बी सगळं एक करून टाकतं, त्यामुळे पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत एकच तिखट. खलात शीर कुठे सापडते, कुठे नाही. एक घास नुसता हिरवा, गोडसर लागतो, पुढचा घास कानातून धूर काढतो. शिवाय मिक्सरच्या लहान भांड्यात पाच-सहा मिरच्या पात्याला लागतच नाहीत, भिंतीला चिकटून बसतात. मग आपण पाणी घालतो, आणि पाणी घातलं की तो ठेचा राहत नाही, हिरवी चटणी होते. तीही चांगली, पण ती इडलीसोबत. आणि वीज गेली की मिक्सर शोभेचा. आमच्याकडे ती कधी जाईल याला मुहूर्त लागत नाही.

सासूबाईंनी ठेचा खाल्ला आणि "मीठ कमी हाये" एवढंच म्हणाल्या. दुसरी भाकर मात्र स्वतःच घेतली.

भेदराच्या ठेच्याला हा खल कमी पडतो, हे सांगायला हवं. निखाऱ्यावर भाजलेली भेदरं, सालं काढून, मिरची-लसणावर टाकली की बत्त्याचा पहिला दाब पडताच रस वर येतो आणि तीन इंचाचा खळगा काठोकाठ भरतो. तीन भेदरांच्या वर घालूच नका. घरात सात-आठ माणसं असतील तर चार इंच खोलीचा घ्या, शंभर-दीडशे जास्त जातील. भरताच्या वांग्याचं तर नावच काढू नका. तुराट्यांवर भाजलेली दोन मोठी वांगी यात मावतसुद्धा नाहीत. भरताची मिरची तेवढी यात ठेचून घेते, वांगं परातीत.

आता कुरबुरी. बूड सपाट नाही. घासून दिलंय म्हणे, पण फरशीवर ठेवला की डुगडुगतो. खाली गोणपाटाची घडी लागते. ओट्यावर ठेवून तर मुळीच ठेचू नका, जाऊबाईंच्या ओट्याची टाईल अशीच तडकली. बत्ता आखूड आहे. तळ गाठला की बोटांची हाडं खलाच्या काठावर घासतात. लांब बत्ता वेगळा मागा, विकणाऱ्या बाया देतात, फक्त आपणहून दाखवत नाहीत. साबण लावायचा नाही, दगड तो पितो आणि पुढच्या ठेच्याला साबणाचा वास येतो. गरम पाणी आणि नारळाची शेंडी पुरते, मग उन्हात पालथा. पावसाळ्यात ऊन नसलं की बुरशीचा वास धरतो, तेव्हा चुलीजवळ ठेवते. आणि ठेचा रात्रभर खलात ठेवायचा नाही, काढून बरणीत भरायचा.

हाताची आग होते, त्याला खल काय करणार. पण पाण्यानं हात धुऊन आग जात नाही, कारण मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आधी गोडं तेल चोळायचं, मग साबण. तोंड भाजलं तर पाणी पिऊ नका, ताक प्या.

वर्षाचं लाल तिखट यात होईल का, असं शेजारच्या एकीनं विचारलं. नाही होणार. वाळलेली मिरची खलात उडते, नाकात जाते, आणि पावशेर तिखटाला हात मोडून येतो. त्यासाठी उन्हाळ्यात भिवापुरी मिरची आणून, चांगली कडकडीत वाळवून कांडपावरच न्यायची. जवसाची चटणी मात्र सुरेख होते. भाजलेलं जवस, सुकी मिरची, लसूण, मीठ. तेल सुटायला लागलं की थांबायचं, मिक्सरमध्ये त्याचा गोळा होतो.

लोखंडी खलबत्ता स्वस्त आणि हलका पडतो हे खरं. पण मीठ आणि ओली मिरची लागली की गंजतो, लिंबू पिळलं तर ठेचा काळा पडतो. पितळीत आंबट चालत नाही. दगडाला यातलं काही होत नाही. फक्त काही वर्षांनी आतून गुळगुळीत होईल आणि मिरची सरकायला लागेल, तेव्हा टाकी लावून, म्हणजे छन्नीनं परत टाके पाडून घ्यावे लागतील. पूर्वी टाकी लावणारे गल्लीत ओरडत यायचे, आता फारसे येत नाहीत. बाजारातली बाई म्हणाली, घेऊन या, नवरा टाकून देईल, पन्नास रुपये. म्हणजे परत सहा किलो एसटीत.

आणि एक शेवटची अडचण, जी घेताना डोक्यातच आली नव्हती. सासूबाई आता पहाटे चहाचं आलं याच खलात ठेचतात. दगड कितीही धुतला तरी मिरचीची याद ठेवतो, आणि मामाजी (माझे सासरे) चहाचा घोट घेऊन ठसकतात. पुढच्या बाजारी आलं-वेलचीपुरता छोटा वेगळा खल आणायचा आहे. त्याचे बाजारातली बाई दोनशे सांगते. दीडशेच्या वर देऊ नका.